शेरडाच्या रक्तातली नोंद

भूम तालुक्यातल्या ईटच्या माळावर चरणाऱ्या काळ्याभोर उस्मानाबादी शेळीच्या कानामागे गोचीड सापडली, तर त्यात नवल नाही. नवल आहे ते अशा शेळीच्या रक्तात काय काय नोंदलेलं असू शकतं, याचं.

क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून गाई-म्हशींत, शेरडा-मेंढरांत शिरतो. जनावर चारा खातं, रवंथ करतं, दूध देतं. आठवडाभरात विषाणू रक्तातून नाहीसाही होतो. माणसाला मात्र रक्तस्राव होतो आणि शंभरातले दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. शेळीला त्याचं सोयरसुतक नाही!

मग जे जनावर आजारी दिसलंच नाही, त्याच्यात रोग शोधायचा कसा? विषाणू गेला तरी त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं कित्येक वर्षं टिकतात. म्हणून मानेच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, ते गोठू देतात आणि वर सुटलेलं पिवळसर रक्तजल प्रयोगशाळेत नेतात. तिथल्या चिमुकल्या खळग्यात विषाणूचा निष्प्रभ अंश आधीच बसवलेला असतो. ओळखीची प्रतिपिंडं त्याला धरून बसतात, धुतली तरी सुटत नाहीत. मग रसायनं घातली की रंग चढतो. जुनी, कुणाला न कळलेली गाठभेट अशी डोळ्यांना दिसते.

जानेवारी २०११मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावची एक महिला दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं (‘एनआयव्ही’नं) निदान केलं आणि या तापाचा भारतातला पहिला उद्रेक सिद्ध झाला. पण भारतातल्या माणसांत आणि जनावरांत या विषाणूची प्रतिपिंडं असल्याचा अहवाल १९७६ सालीच छापून आला होता! पुढे २०१३-१४मध्ये २२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या जनावरांचे ५,६३६ नमुने तपासले. ३५४ मध्ये खूण सापडली.

हा विषाणू पसरवणारी ‘हायलोमा’ गोचीड मोठी धीट. गवतावर वाट बघत न बसता ती सावजाकडे चक्क धावत जाते. तिची एक जात तर गोठ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी घालते. तेव्हा नुसतं जनावर फवारून भागत नाही, भिंतीही फवाराव्या लागतात. आणि गोचीड उपटून नखानं चिरडायची आपली सवय? तिच्या पोटातलं रक्त तेव्हा थेट बोटाला लागतं.