आरशाआधी मोटर तपासा

संगणकीय दुर्बीण जुनी घेताना लोक आधी आरशावरची धूळ बघतात. परभणीच्या उन्हाळ्यात धूळ बसणारच. थोड्या धुळीने प्रतिमा फारशी बिघडत नाही आणि आरशावर नवा मुलामाही देता येतो. खरी जोखीम मोटर, गिअर आणि हातातल्या रिमोटची आहे. ते गेले की सुटे भाग सहज मिळत नाहीत. म्हणून सौदा रात्रीच, मोकळ्या आकाशाखाली करावा. परभणीचे अक्षांश सुमारे १९.३, रेखांश ७६.८ आणि वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे अशी नोंद रिमोटमध्ये करावी. (काही यंत्रांत आधी महिना, मग दिवस लिहायचा असतो, इथेच अनेकांची फसगत होते.) दोन ठळक तारे जुळवून यंत्राला एखादा ग्रह शोधायला सांगावा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे मोटर बंद असेल तर मोठ्या वर्धनात ग्रह मिनिटा-दोन मिनिटांत नजरेआड होतो. मोटर चालू असताना तो पंधरा मिनिटे टिकला, तर यंत्र ठीक. ‘बॅटरी उतरली आहे’ ही विक्रेत्याची सबब खरीही असू शकते, कारण कमी विद्युतदाबावर ही यंत्रे खरोखर भरकटतात. पण मग योग्य व्होल्टचा पुरवठा जोडून पुन्हा चाचणी घ्यावी. तोवर पैसे देऊ नका.