पायाच्या मुंग्या जात नाहीत तेव्हा

मांडी सोडली की पायाच्या मुंग्या जातात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात अनेकांच्या त्या गेल्याच नाहीत. उलट पाय लुळे पडले. आजार गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. काही रुग्णांत सापडलेल्या, जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचं कवच आपल्या मज्जातंतूंवरच्या साखर-रेणूंसारखंच असतं. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं मज्जातंतूंनाही चिकटतात आणि रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं तिथं हल्ला चढवतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं!

सध्या उपचार म्हणून दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली महागडी इम्युनोग्लोब्युलिन देतात, नाहीतर रुग्णाचा रक्तद्रव बदलतात. टॅनरुप्रुबार्ट हे प्रायोगिक औषध मात्र हल्ल्याची सुरुवात करणारं सी-१-क्यू प्रथिनच अडवतं. त्याची मोठी चाचणी बांगलादेश आणि फिलिपिन्समध्ये झाली.

जुलाबानंतर पायातलं बळ जाऊ लागलं, तर दूरच्या वाडीवरूनही त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.