इंजिनाचा उच्छ्वास

मोटारगाडीच्या इंजिनाला हवा लागते आणि जळलेला धूर मागच्या नळींतून बाहेर पडतो, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. परंतु या श्वासोच्छ्वासाखेरीज इंजिनाचा आणखी एक उच्छ्वास असतो. तो गाडीच्या मालकाच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. आणि तो कोंडला म्हणजे उत्तम घडणीच्या इंजिनाचें आयुष्यही अर्ध्यावर येतें. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनाला हा धोका विशेष असतो.

पेट्रोल पेटलें म्हणजे सिलिंडरांतील तप्त वायु पिस्टनला खालीं लोटतो. हा वायु वरच्या वर अडविण्यासाठीं पिस्टनभोंवतीं कड्या असतात. पण कडीच्या दोन टोकांमध्यें बारीक फट ठेवावीच लागते. त्यामुळें अगदीं नव्या इंजिनांतही थोडासा वायु निसटून खालच्या पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें उतरतो. त्यांत पाण्याची वाफ असते, न जळलेलें पेट्रोल असतें आणि आम्लेंही असतात. या वायूला वाट मिळाली नाहीं, तर पेटींतील दाब वाढतो, तेल मोजण्याची सळई वर उचलली जाते आणि फिरत्या दांड्याच्या टोकांशीं असलेल्या सीलमधून तेल पाझरूं लागतें. वाफ आणि पेट्रोल तेलांतच मुरत राहिलें, तर तेलाचा काळा चिकट राळ बनतो.

पूर्वीच्या गाड्यांत या वायूला एका नळीनें थेट रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरकट धुक्याचें मूळ मोटारींच्या वायूंत आहे, हें हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानें दाखवून दिल्यावर ही पद्धति डोळ्यांत येऊं लागली. १९६१ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें असा वायु पुन्हां इंजिनांत ओढून जाळण्याची योजना बंधनकारक करण्याचें ठरविलें. पुढें ती जगभर रूढ झाली.

साध्या इंजिनांत ही योजना सोपी असते. गाडी सावकाश चालली असतां इंजिनाच्या प्रवेशनळींत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी असतो. तेथवर एक नळी नेली, कीं क्रँककेसमधील वायु आपोआप ओढला जातो. टर्बोचार्जर आला म्हणजे हा हिशेब उलटतो. चालकानें पाय दाबतांच टर्बो हवा कोंडून आंत ढकलतो. प्रवेशनळींतील दाब बाहेरच्यापेक्षां अधिक होतो, आणि ज्या नळीनें वायु बाहेर यावयाचा तिच्यांतूनच हवा पेटींत शिरूं पाहते. नेमक्या याच वेळीं कड्यांमधून निसटणारा वायुही वाढलेला असतो. म्हणून येथें दोन वाटा कराव्या लागतात. पहिल्या वाटेवर एकतर्फी झडप असते, ती दाब वाढतांच मिटते. दुसरी वाट टर्बोच्या तोंडापाशीं, जेथें हवा आंत ओढली जाते तेथें नेलेली असते. झडप मिटली, कीं वायु या दुसऱ्या वाटेनें जातो.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला लागणारें तेल दाबानें वर चढविलेलें असतें, पण खालीं परततें तें केवळ स्वतःच्या भारानें. क्रँककेसमध्यें दाब साचला, कीं परतणारें तेल अडतें, टर्बोच्या सीलमधून गळतें आणि मागून निळसर धूर निघूं लागतो. अशा वेळीं दोष टर्बोचा समजून तो बदलला जातो. खरें दुखणें मात्र उच्छ्वासाच्या नळींत राहतें.

या बाबतींत स्वीडनमधील साब गाड्यांची हकीगत बोधप्रद आहे. १९९७ सालीं आलेल्या ९-५ या गाडीचीं २ आणि २·३ लिटरचीं टर्बो इंजिनें शक्तिमान होतीं. परंतु त्यांपैकीं अनेकांत तेलाचा राळ होऊं लागला. तो तळाच्या गाळणींत अडके, तेलाचा पुरवठा तुटे आणि बेअरिंगें जळत. कंपनीनें उच्छ्वासाची रचना टप्प्याटप्प्यानें सुधारली, जुन्या गाड्यांसाठीं नव्या नळ्या व झडपांचे संच काढले, आणि राळानें झालेल्या हानीपुरती हमी आठ वर्षांपर्यंत वाढविली. २०११ सालीं साब मोटार कंपनीचें दिवाळें निघालें. जुनीं इंजिनें जगविण्याचा भार आतां मालकांवरच आहे.

सुधारणेचें तत्त्व स्वयंपाकघरांत रोज पाहावयास मिळतें. शिजत्या भातावर ताट झांकलें, तर त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरतात आणि पुन्हां भातांतच पडतात. तेल वेगळें करणाऱ्या डबींत हेंच घडतें. वायूची वाट रुंद झाली, कीं त्याची गति मंदावते. आंतील आडव्या पत्र्यांवर तेलाचे कण आदळून थेंब होतात व तळाशीं परततात. हें तेल अडविलें नाहीं, तर तें हवा थंड करणाऱ्या जाळींत साचतें आणि सिलिंडरांत जाऊन पेट्रोलची ठोका न देतां जळण्याची शक्ति घटवितें. नळ्या रुंद आणि तेल सोसणाऱ्या रबराच्या हव्यात. साधें रबर तेलानें फुगतें, मऊ होतें आणि ओढीनें चपटतें.

मात्र कामाचा क्रम चुकतां कामा नये. राळाची शंका असेल, तर प्रथम तळाचें पात्र उतरवून गाळणी स्वच्छ करावी, मगच नव्या नळ्या बसवाव्या. झडपेंतून एका बाजूनें फुंकर जावी, दुसऱ्या बाजूनें जाऊं नये. शेवटीं पाण्यानें अर्धवट भरलेली पारदर्शक वांकडी नळी सळईच्या तोंडाशीं जोडून इंजिन सावकाश चालवावें. पेटींतील दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् कमी आहे, हें पाण्याच्या पातळीवरून कळतें.

दोन मोह टाळावे लागतात. नळी मोकळी सोडून वायु रस्त्यावर जाऊं देणें सोपें वाटतें. पण तें लोकांच्या फुप्फुसांवर ओझें टाकणें आहे आणि बहुतेक देशांच्या नियमांविरुद्धही आहे. वेगळी डबी बसविली, तर ती वेळोवेळीं रिकामी करावी लागते. थंड देशांत तींतील पाणी गोठून वाट बंद होते. दुसरा मोह कड्या झिजल्या असतांही नुसत्या नळ्या बदलण्याचा. सिलिंडरांतून वायु किती निसटतो, हें आधीं मोजून घेतलें पाहिजे. झिजलेल्या कडीवर नळी हा उपाय नव्हे.

हा सारा खटाटोप कांहीं हात रबराचा आणि एक-दोन झडपांचा. त्याकडे दुर्लक्ष झालें, तर मोल द्यावें लागतें तें मात्र सबंध इंजिनाचें.