एका रात्रीचे नाट्य आणि दीर्घकालीन विष

औद्योगिक प्रदूषण हा विषय नाट्याला सहजासहजी वश होत नाही. नाट्याला प्रसंग हवा असतो. कामगाराच्या शरीरात वर्षानुवर्षे भिनत जाणाऱ्या विषाला असा एकच प्रसंग नसतो. शिव रवैल यांनी दिग्दर्शित केलेल्या व नोव्हेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर प्रसृत झालेल्या ‘द रेल्वे मेन’ या चार भागांच्या हिंदी मालिकेत ही अडचण स्पष्ट दिसते.

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपाने शहरावर पसरले. मालिकेने आपले केंद्र कारखान्यात न ठेवता रेल्वेस्थानकावर ठेवले आहे. के के मेनन यांनी रंगविलेला स्थानकप्रमुख हा उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांच्यावरून घडविलेला आहे. दस्तगीर यांनी त्या रात्री प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेपूर्वीच मार्गस्थ केली. वायूचे दुष्परिणाम मात्र त्यांना २००३ मधील मृत्यूपर्यंत भोगावे लागले.

बचावकथा म्हणून ही योजना समर्थ आहे. तथापि तीमुळे कारण आणि परिणाम ही दोन्ही एकाच रात्रीत कोंडली जाण्याचा धोका संभवतो. वस्तुतः डिसेंबर १९८१ मध्येच या कारखान्यातील एक कामगार फॉस्जीनने दगावला होता. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकातून धोक्याचे इशारे दिले होते. दुर्घटनेच्या वेळी टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती.

हा पूर्वेतिहास मालिकेत दोन पात्रांच्या द्वारे प्रवेश करतो : कार्बाइडमधील जुना कामगार इमाद रियाझ आणि केसवानींवरून घडविलेला पत्रकार. यांच्यामुळे ती रात्र आकस्मिक आपत्ती न राहता उपेक्षेचे फलित ठरते. मालिकेचे खरे सामर्थ्य येथे आहे.

उत्तरकथा मात्र या रचनेत मावत नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. इंद्र सिन्हा यांच्या ‘ॲनिमल्स पीपल’ (२००७) या इंग्रजी कादंबरीतील निवेदक हा अशाच दुर्घटनेने पाठीचा कणा वाकलेला तरुण आहे; तेथे कथा त्या रात्रीनंतर अनेक वर्षांनी चालते. दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, अशा साहित्याची परीक्षा त्यातील शौर्यावरून न करता, ते कोठे आरंभ करते आणि कोठे थांबते यावरून करावयास हवी.