खेकड्याची पकड

पाऊस धरून होता. कर्जतच्या फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला छत्री सावरत मी उभा होतो, कारण बँकर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी इंजिनं, तिथेच लागतात. लोणावळ्याकडे निघालेली कंटेनरची मालगाडी बाजूच्या रुळावर थांबली होती. तिच्या शेपटाकडे तीन इंजिनं एकमेकांना जोडलेली, हळूहळू सरकत आली. वॅग-7, प्रत्येकी 5000 अश्वशक्तीची. तिन्हींचे नंबर वहीत टिपले. ही सवय शाळेपासूनची.

इथून लोणावळा 28 किलोमीटर. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. मधल्या बोरघाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. रस्त्यावर हा चढ सायकलवालाही चढून जाईल, पण पोलादी रुळावर पोलादी चाक टेकतं ते एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर. जोर कितीही असो, तेवढ्या जागेची पकड सुटली की चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून घाटात मला अश्वशक्तीपेक्षा पकड मोठी वाटते.

ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती खेकड्यामुळे. 1928 मध्ये जीआयपी रेल्वेने बोरघाट आणि थळघाटातल्या मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आणायला सुरुवात केली. काही स्वित्झर्लंडमधली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली, मिळून 41. कागदोपत्री आधी ईएफ-1, पुढे डब्ल्यूसीजी-1. परदेशी शौकीन त्यांना मगर म्हणत. आपल्या ड्रायव्हरांनी मात्र नाव ठेवलं खेकडा. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालायला लागलं की दांड्यांची सप-सप सुरू होई. लहानपणी कल्याण यार्डात खेकडा शंटिंग करत असताना मी तो आवाज ऐकला आहे.

त्यातला एक आज मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. मी गेलो की आधी त्याच्या चाकांशी वाकतो. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकाडं, नाकाडांखाली एकेक बोगी, म्हणजे तीन आसांचा चाकांचा गाडा. वळणावर नाकाडं बोगीबरोबर वळतात, म्हणून एवढं लांब धूड घाटातली वळणं घेऊ शकलं. प्रत्येक बोगीत दोन मोटरी. त्यांचा जोर आधी एका आडव्या दांड्यावर येतो आणि तिथून साइड रॉडने तिन्ही चाकांना मिळतो. तो रॉड माझ्या मनगटाहून कितीतरी जाड आहे. खरी करामत त्याचीच. तीन चाकं एकत्र बांधलेली असल्यामुळे एक घसरायला लागलं, तरी बाकीची दोन त्याला धरून ठेवतात. एकटं चाक पळूच शकत नाही. चार मोटरींची मिळून 2600 अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एका बँकरच्या जेमतेम निम्मी, आणि तरी खेकड्यांनी साठेक वर्षं काम केलं.

वॅग-7ला असे रॉड नाहीत. सहा आसांना सहा स्वतंत्र मोटरी. जोर दुप्पट, पण प्रत्येक चाकाला आपापली पकड सांभाळावी लागते.

कर्जतला एअर ब्रेकचे पाइप जोडून झाले. पुढून, बऱ्याच लांबून हॉर्न आला. मागून उत्तर गेलं. मोटरी थंड ठेवणाऱ्या ब्लोअरचा घूं आवाज चढला. कपलिंगं एकामागून एक आवळत गेल्याचा खडखडाट गाडीभर धावला. गाडी हलली आणि शेवटच्या इंजिनाचं एक चाक क्षणभर घसरलं. कर्र असा आवाज मी नीट ऐकला. लगेच चाकापुढच्या नळीतून वाळू पडायला लागली, ओल्या रुळावर बारीक, पिवळसर धार. चाकाखाली ती चुरडत गेली, आवाज बदलला, चाकाने रूळ धरला. माझ्या डोळ्यांसमोर तिन्ही इंजिनं चालण्याच्या वेगाने निघून गेली. वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरही ब्लोअर ऐकू येत होते.

मी पुढे होऊन वाकून पाहिलं. रुळावर वाळूचं पीठ झालं होतं, बोटभर रुंदीचा फिकट पट्टा, वीसेक पावलांपर्यंत. पावसाने तो कडेकडेने धुवायला सुरुवात केली होती.