अष्टपैलू कबड्डीपटूची किंमत कशी काढायची?

सुरुवात एका कोड्याने करतो. प्रो कबड्डीच्या अकराव्या मोसमात, म्हणजे २०२४ मध्ये, पाटणा पायरेट्सच्या देवांक दलालने चढाईत ३०१ गुण मिळवले. त्या यादीत तो पहिला. पण मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू कोण ठरला? हरियाणा स्टीलर्सचा मोहम्मदरेझा शादलू. पकडीही करणारा आणि चढाईलाही जाणारा. अंतिम सामन्यातही हरियाणाने पाटण्यालाच हरवलं.

मग अशा खेळाडूची किंमत आपल्याला चटकन का दिसत नाही? कारण तक्ते दोन असतात. एक चढाईचा, एक पकडीचा. अष्टपैलू दोन्हींत मधल्या रांगेत बसतो आणि आपण फक्त पहिली नावं वाचतो.

आता एक काल्पनिक हिशेब करू. 'अ' हा निव्वळ चढाईपटू. वीस सामन्यांत १६० गुण, पण चढाईत ९० वेळा बाद. 'ब' अष्टपैलू. चढाईत ७० गुण आणि २५ वेळा बाद. पकडीत ४५ गुण आणि २५ पकडी फसलेल्या. बाद झालात की समोरच्याला गुण, पकड फसली तरी समोरच्याला निदान एक गुण. म्हणजे 'अ' ची निव्वळ कमाई ७०, 'ब' ची ६५. तक्त्यात केवढी दरी होती, आणि हिशेबात राहिली फक्त पाच गुणांची!

पण एवढ्यावर थांबू नका. खरी परीक्षा असते ती मैदानात तीनच गडी उरल्यावर. कबड्डीत आळीपाळीने चढाई करावीच लागते. उरलेले तिघेही बचावपटू असतील, तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी जावं लागतं. तिघेही चढाईपटू असतील, तर समोरचा आला की त्याला धरणार कोण? इथे लोण बसला तर दोन गुण जादा जातात. उलट तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात, शिवाय आपला एक गडी परत येतो. अष्टपैलू त्या वेळी आत असेल, तर दोन्ही वाटा उघड्या राहतात. म्हणून लिलावाआधी चित्रफिती बघताना मी एकच गोष्ट शोधायला सांगेन: संघ अडचणीत असताना हा गडी काय करतो?

आता तुम्ही म्हणाल, मग अष्टपैलू दिसला की बोली लावायची का? नाही हो! दोन अर्धवट कामं म्हणजे एक पूर्ण काम नव्हे. तिसऱ्या, 'करा किंवा मरा' चढाईला ज्याला पाठवता येत नाही आणि कोपऱ्यावरही ज्याला उभं करता येत नाही, तो नावापुरताच अष्टपैलू. त्याला किमान एक काम पक्कं यायला हवं; दुसरं संघाला वाचवण्याइतपत. आणि लिलावात संघाकडे पाच कोटींची थैली असते. दोन कोटी एकावर गेले, तर बाकीचा अख्खा संघ तीन कोटींत उभा करायचा. अशा वेळी कमी भावात मिळालेला 'ब' थैली वाचवतो.

आपल्याच भागातलं उदाहरण बघा. शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पुणेरी पलटणमध्ये तो नवा तरुण खेळाडू म्हणून आला, मोठ्या बोलीने नव्हे. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार तोच होता आणि त्या मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच. त्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि आपल्या नाशिकचा आकाश शिंदेही.

शेवटचं सांगतो, इथे बसलेल्या प्रशिक्षकांसाठी. चौदा वर्षांचा मुलगा मैदानावर आला की आपण पहिलाच प्रश्न टाकतो, "चढाई की पकड?" आणि एक उत्तर आलं की दुसरं कायमचं बंद करून टाकतो. किंमत लिलावात ठरते हे खरं, पण ती घटते अनेकदा इथेच, आपल्या गल्लीतल्या मैदानावर. तो प्रश्न दोन वर्षं उशिरा विचारा, एवढंच मागणं.