बेल वाजते, पण सिस्टर का येत नाहीत?

निपाणीकडची माणसे मोठ्या उपचारांसाठी बेळगाव गाठतात, नाहीतर कोल्हापूर-मिरज. परत आल्यावर घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते. कॉटजवळची बेल दाबली, पण बराच वेळ कोणी आले नाही.

यात कधीकधी हलगर्जीपणा असतोही. पण बेल बोलत नाही, हे मोठे कारण आहे. सिस्टरांच्या टेबलाजवळ बहुधा फक्त खोलीचा किंवा कॉटचा नंबर दिसतो. पाणी हवे, सलाईन संपली की छातीत दुखते, हे कळत नाही. बँकेतल्या टोकनसारखेच, नंबर कळतो, काम नाही. रात्रपाळीला सिस्टर कमी असतात आणि तीन ठिकाणची बेल एकदम वाजली, तर आधी कुठे जायचे हे अंदाजानेच ठरते. मशीनचे आवाज सतत ऐकून कानही सरावतात.

खरा धोका असतो लघवीला जाण्याचा. वाट पाहून वयस्कर माणूस स्वतःच उठतो आणि पडतो. अमेरिकेत १४ रुग्णालयांच्या २७ विभागांतील पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिका दर तासाला आपणहून येऊन दुखते का, बाथरूमला जायचे का, असे विचारू लागल्या, तेव्हा बेल वाजणे कमी झाले आणि पडणेही.

आपल्या भागात भाषेची अडचण वेगळी. सिस्टर येतात, कन्नडमध्ये विचारतात. खेड्यातल्या आजीला ते समजत नाही. मराठी जाणणारे कोणी सापडेपर्यंत पुन्हा वेळ जातो. यात दोष कोणाचाच नाही, आणि सीमाप्रश्न तर इथे मुळीच आणू नये.

त्यापेक्षा एक कागद करावा. कन्नड जाणणाऱ्याकडून त्यावर मोठ्या अक्षरांत दोन्ही लिपींत लिहून घ्यावे: ‘नोवु इदे’ (दुखते आहे), ‘नीरु बेकु’ (पाणी हवे), ‘उसिराडलु आगुत्तिल्ल’ (श्वास घेता येत नाही). कागद उशाशी चिकटवावा. भरती होताच बेल एकदा सिस्टरांसमोर दाबून पाहावी. सलाईन नसलेल्या हाताला ती पोहोचते ना, तेही बघावे. रात्री झोपण्यापूर्वी बाथरूमची फेरी करून घ्यावी.

दम लागला, छातीत दुखू लागले किंवा रक्त वाहू लागले, तर सोबतच्या माणसाने बेलवर विसंबू नये. थेट सिस्टरांच्या टेबलाशी धावत जावे.